‘एसएसओ लावलं की त्याच दिवशी पासवर्ड बंद’ हा सल्ला कृपया देऊ नका

रात्रपाळी

परवाच्या ‘एसएसओ : अर्ध्या तासाचं काम’ या लेखाखाली दोन ओळी लिहायला बसलो, पण दोन ओळींत मावेना म्हणून वेगळा धागा. (एसएसओ म्हणजे कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळ्या ॲपमध्ये जाणं.) लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं : क्लाउडवरच्या ॲपला आयडीपी (माणूस ओळखून ॲपला तसं सांगणारी कंपनीची यंत्रणा) जोडा, मेटाडेटाची, म्हणजे जोडणीच्या माहितीची, फाइल इकडची तिकडे द्या, स्वतः एकदा लॉगिन करून बघा आणि त्याच संध्याकाळी पासवर्डचं लॉगिन बंद करा. जे थांबा म्हणतात ते ‘उगाच बाऊ करणारे ॲडमिन’. त्यातलाच मी एक.

अर्ध्या तासाबद्दल माझा वाद नाही. ओळखीचं नाव (एन्टिटी आयडी), उत्तर पाठवायचा पत्ता (एसीएस यूआरएल), सही तपासायचं सर्टिफिकेट, झालं. पत्त्याच्या शेवटच्या तिरक्या रेघेवरून एखादा तास जातो, तेवढंच. माझा वाद त्या संध्याकाळबद्दल आहे.

आमच्याकडे महिनाअखेरीला सकाळी नऊला पगाराच्या ॲपमध्ये कुणालाच जाता येईना. स्क्रीनवर नुसतं ‘अवैध प्रतिसाद’. आयडीपीचं सहीचं सर्टिफिकेट आदल्या रात्री संपलं होतं आणि ते ॲप मुदत तपासायचं. नवं सर्टिफिकेट चढवायला सेटिंगमध्ये जायला हवं, सेटिंगमध्ये जायला लॉगिन हवं, आणि लॉगिन फक्त एसएसओने. पासवर्डची वाट आम्हीच बुजवलेली. मुदतीच्या सूचना वेळेवर आल्या होत्या, पण ज्याने जोडणी केली त्याच्या मेलवर. त्याला नोकरी सोडून आठ महिने झाले होते. ॲपवाल्यांच्या सपोर्टला आम्ही आम्हीच आहोत हे पटवता पटवता संध्याकाळचे सहा वाजले. त्या दिवशी पगार झाले नाहीत. लोकांचे हप्ते असतात हो.

चावीवाला

तो लेख माझाच, म्हणून उत्तर देतो.

तुमची गोष्ट खरी असेल, पण दोष सर्टिफिकेट न सांभाळणाऱ्याचा आहे. एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टचा आयडीपी) सॅमलचं (आयडीपी आणि ॲप ज्या प्रोटोकॉलने बोलतात तो) सर्टिफिकेट मुळात ३ वर्षांचं निघतं, मुदतीआधी ६०, ३० आणि ७ दिवसांवर मेल येतो, आणि त्या यादीत गटाचा पत्ता घालता येतो. तो घालायला एक मिनिट लागतं.

आता माझी गोष्ट ऐका. आधीच्या नोकरीत आम्ही एसएसओ लावलं आणि पासवर्ड ‘तात्पुरता’ चालू ठेवला. तात्पुरता म्हणजे सहा महिने. तेवढ्यात विक्री विभागातला एक माणूस सोडून गेला. आयडीपीतलं त्याचं खातं त्याच दिवशी बंद केलं, सगळे निश्चिंत. त्याने घरून ॲपचं जुनं पान उघडलं, जुना पासवर्ड टाकला आणि ग्राहकांची अख्खी यादी उतरवून घेतली. लॉग बघितला तेव्हा माझे हात गार पडले होते. पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं उघडं ठेवायचं असेल तर एसएसओ लावूच नका.

जुनी_खोड

दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. सॅमल २.० हे २००५ चं आहे. एक्सएमएलवर, म्हणजे खुणांनी बांधलेल्या मजकुरावर, सही करायची, मग ती सही नक्की कुठल्या तुकड्यावर आहे हे शोधायचं, यातच निम्मी भोकं आहेत. २०१८ मध्ये तर नावाच्या मध्ये एक्सएमएलची टिप्पणी घुसवून दुसऱ्याच्या खात्यात जाता येतं हे बऱ्याच लायब्रऱ्यांत सापडलं. ओआयडीसी, म्हणजे याच कामाचा नवा प्रोटोकॉल, २०१४ पासून आहे. ॲप देत असेल तर तेच घ्या.

रात्रपाळी

@जुनी_खोड, आमचं ॲप ओआयडीसी देत नाही. चर्चा आहे त्या ॲपची करू.

@चावीवाला, मी वाट सगळ्यांसाठी उघडी ठेवा म्हटलेलंच नाही. ॲडमिनची दोन खाती एसएसओबाहेर ठेवा, लांबलचक पासवर्ड, वर दुसरा घटक, पासवर्ड लिफाफ्यात बंद, आणि त्या खात्यांवरून कुणी आत आलं की सगळ्यांना इशारा. बाकी सगळे एसएसओने, पण तेसुद्धा पहिल्या दिवशी नाही. आधी पाच जण, मग एक विभाग, मग सगळे.

हिशेबनीस

मी आयटीतली नाही, लेखा विभागात आहे. या एसएसओची शिक्षा भोगलेली आहे म्हणून लिहिते.

लग्नानंतर आडनाव बदललं. आयटीने मेलचा पत्ता बदलून दिला, कौतुकाने. दुसऱ्या दिवशी बिलांच्या ॲपमध्ये गेले तर ‘स्वागत आहे, आपली ओळख करून घेऊ’. नवं कोरं खातं. मंजुरीसाठी माझ्याकडे आलेली बिलं, माझे शेरे, तीन वर्षांचा इतिहास, सगळं जुन्या नावाच्या खात्यात, आणि त्यात मला जाता येईना. आयटी म्हणे आमच्याकडे तुम्ही एकच आहात. ॲपवाले म्हणे आमच्याकडे तुम्ही दोघी आहात. पुरवठादारांचे फोन मात्र मला एकटीला येत होते.

नियमपालक

अवांतर, पण मग नाव बदलायचंच कशाला? हल्ली कुणी सक्ती करत नाही. एका माणसाच्या हौसेसाठी आयटीने सगळी यंत्रणा हलवायची का?

हिशेबनीस

हौस? माझं नाव काय असावं हे मी ठरवीन. घटस्फोटानंतर नाव परत बदलणाऱ्या बायका आहेत, दत्तक गेलेली माणसं आहेत, पहिल्याच दिवशी स्पेलिंग चुकवलं गेलेले लोक आहेत. त्यांनाही हौसच होती का? नाव बदलल्यावर माणूस दुसरा होतो असं तुमचं सॉफ्टवेअर समजत असेल तर सॉफ्टवेअर बदला. मला शिकवू नका.

रात्रपाळी

ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि हे अवांतर नाही. जोडणी करताना ‘नेमआयडी’त, म्हणजे ॲपला माणसाची ओळख म्हणून, काय पाठवायचं हे एका रकान्यात ठरतं. तिथे सवयीने ईमेल ठेवला जातो. वाचायला सोपा, ॲपमध्ये आधीपासून असलेला. मग पत्ता बदलला की ॲपच्या लेखी नवा माणूस आला, आणि पहिल्या लॉगिनला आपोआप खातं काढायची सोय चालू असेल तर ते बिनबोभाट नवं खातं उघडतं.

एकदा तर पत्ता बदललेलाही नव्हता. एका सहकाऱ्याची दोन खाती होत होती, दोन दिवस कळेना. शेवटी ब्राउझरमधून सॅमलचा प्रतिसाद पकडला, त्याचं बेस६४ हे सांकेतिक रूप उलगडलं आणि नेमआयडीची ओळ बघितली. पहिलं अक्षर कॅपिटल. ॲपमध्ये तेच स्मॉल. ॲप दोन्ही वेगळे धरत होतं. एका अक्षरासाठी दोन दिवस.

जुनी_खोड

म्हणूनच मी ओआयडीसी म्हणत होतो. त्याच्या मूळ मसुद्यात स्वच्छ लिहिलंय की ‘आयएसएस’ (ओळख देणारा) आणि ‘सब’ (त्याने त्या माणसाला दिलेली खूण) या जोडीवरच माणूस ओळखायचा, ईमेलला एकमेव ओळख म्हणून वापरायचं नाही. तरी निम्मी ॲपं ईमेलच वापरतात, हे मान्य करावं लागेल. म्हणजे प्रोटोकॉल बदलून तुमचा हा प्रश्न सुटत नाही. ठीक आहे, तेवढं मागे घेतो.

चावीवाला

ईमेलमध्ये एवढं काय वाईट आहे? लोकांना कळतो, सपोर्टला कळतो. ऑब्जेक्ट आयडीचे (आयडीपीने प्रत्येक खात्याला दिलेली न बदलणारी खूण) छत्तीस खुणांचे आकडे-अक्षरं फोनवर कोण वाचून दाखवणार? हजारात चार लोकांचा पत्ता बदलतो, ती चार खाती हाताने जुळवा.

दुसरा_तोच

मी त्या चारातला आहे, उलट्या बाजूने. कंपनीत रुजू झालो तेव्हा माझ्याच नावाचा एक जण वर्षभरापूर्वी सोडून गेलेला होता. त्याचा पत्ता मोकळा होता, म्हणून मला दिला. मूल्यमापनाच्या ॲपमध्ये पहिल्यांदा लॉगिन केलं तर थेट त्याच्या खात्यात. त्याचे तीन वर्षांचे शेरे, त्याच्या साहेबाने लिहिलेलं, त्याच्या आजारपणाच्या रजेबद्दलचं. मी खिडकी बंद केली आणि आयटीला सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतंच असं नाही. त्या माणसाला मी कधी भेटलो नाही, पण त्याच्याबद्दल मला माहीत नको ते माहीत आहे. हे हाताने कसं जुळवणार?

किंमत_वसूल

सगळे फुकट मिळाल्यासारखं बोलताय. आमच्या ॲपमध्ये एसएसओ फक्त सर्वात महागड्या योजनेत. सुरक्षेचं साधन चैनीच्या वस्तूसारखं विकतात. ‘एसएसओ टॅक्स’ म्हणून अशा कंपन्यांची यादीच नेटवर आहे. लहान कंपनीने काय करायचं, त्यावर कुणी बोलत नाही.

रात्रपाळी

रास्त राग आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे ते सुरू झालं तर दुसरा_तोच यांचं म्हणणं बुडेल.

चावीवाला

दुसरा_तोच यांचा प्रतिसाद रात्री वाचला. ईमेलबद्दल माझं चुकलं. सोडून गेलेल्याचा पत्ता दुसऱ्याला मिळू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि माझ्या लेखात मी ‘नेमआयडी : ईमेल’ असं ठळक लिहून ठेवलंय. ते दुरुस्त करतो.

पासवर्डबद्दल मात्र मी हटणार नाही. तुमची दोन लिफाफ्यातली खाती मान्य. टप्प्याटप्प्याने लावणंही, नाइलाजाने, मान्य. पण शेवटच्या टप्प्याची तारीख आधी लिहून ठेवा आणि त्या दिवशी पासवर्ड बंद म्हणजे बंद. आणि सोडून गेलेल्यांसाठी स्किमही (एससीआयएम, आयडीपीत खातं बंद केलं की ॲपमधलंही बंद करणारी सोय) जोडा, ॲपमध्ये असेल तर. आयडीपीत खातं बंद केल्याने नवं लॉगिन थांबतं, पण मोबाइलवर आधीच उघडं असलेलं सत्र आणि काढून ठेवलेली एपीआय टोकनं (लॉगिनशिवाय ॲपमधली माहिती देणाऱ्या किल्ल्या) तशीच जिवंत राहू शकतात.

आता एक विचारतो. आमच्याकडे चारशे खाती ईमेलवर चालू आहेत. दोन-दोन खाती न होता ऑब्जेक्ट आयडीवर कसं जायचं?

रात्रपाळी

तारीख लिहून ठेवायचं पटलं. आम्हीही ती लिहिली नव्हती, हे कबूल.

चारशेचं असं करा. ॲपमध्ये प्रत्येक खात्याला ‘बाह्य ओळख’ असा रकाना आहे का बघा. आधी आपोआप खातं काढायची सोय बंद करा, हे विसरलात तर सगळं फुकट. मग आयडीपीतून ईमेल आणि ऑब्जेक्ट आयडीची यादी काढा, ॲपच्या यादीशी लावा. दहा-पंधरा जुळणार नाहीत, ती एकेक करून माणसाला विचारून लावा. रकाना भरून झाला की चाचणीच्या जागेत नेमआयडीचा स्रोत बदला, पाच जणांकडून लॉगिन करून घ्या, मगच खऱ्यात. सोमवारी सकाळी करू नका. महिनाअखेरीला तर नाहीच.

हिशेबनीस

आणि त्या न जुळणाऱ्या दहा-पंधरांत माझ्यासारखी कुणी असेल तर तिची दोन्ही खाती एक करा, जुनं पुसू नका. माझी दोनशे बारा बिलं अजून त्या जुन्या खात्यात मंजुरीला आहेत. आमच्या आयटीला हा धागा पाठवते आहे.