‘गराज’ (२००७) : जोसीला एकटं कुणी पाडलं?

रानवारा
लेनी अब्राहमसनचा हा आयरिश चित्रपट पुन्हा पाहिला आणि गप्प बसवेना. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात (शेवटासकट, कारण वाद शेवटाचाच आहे). आडगावातला जुनाट पेट्रोल पंप. तिथे काम करणारा आणि तिथेच मागच्या खोलीत राहणारा जोसी. बुद्धीने जरा मंद, मनाने सरळ. मालक त्याच्या हाताखाली डेव्हिड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा देतो. काम संपलं की दोघं बिअर पीत बसतात. एका ट्रकवाल्याने दिलेली अश्लील कॅसेट जोसी त्या पोराला लावून दाखवतो. प्रकरण पोलिसांत जातं, जोसीची चौकशी होते, आणि तो नदीत जीव देतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जोसीचा जीव गावाने घेतला. मारून, छळून नाही, नुसतं वरवर बरं वागून. जोसीशी बोलत नाही असं त्या गावात कुणी नाही. येता-जाता सगळे हाक मारतात. पबमध्ये एक जण चारचौघांत त्याची टिंगल करतो तेव्हा बाकीचे थांबवत मात्र नाहीत. दुकानातली कार्मेल त्याच्याबरोबर नाचते आणि तो जरा जवळ सरकला की झिडकारते. या माणसाला सोबत हवी आहे हे सगळ्यांना दिसतं, पण ती देण्याचं काम आपलं आहे असं एकालाही वाटत नाही. मग पंधरा वर्षांचा पोरगा त्याचा एकुलता एक मित्र होतो, तर त्यात नवल ते काय?

सायली_क
प्रचंड असहमत. तुमच्या एवढ्या लांब लेखात डेव्हिडच्या वाट्याला किती ओळी आल्या बघा. पोराला बिअर पाजली गेली, नको ते दाखवलं गेलं, तो अवघडला आणि उठून गेला. कॅमेरा जोसीजवळ थांबतो म्हणून आपणही जोसीजवळ थांबतो. डेव्हिड घरी जाऊन काय बोलला असेल, त्याला झोप लागली असेल का, हे चित्रपट विचारत नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत.

हा चित्रपट कोणत्या देशात, कोणत्या वेळी आला तेही बघा. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये फर्न्स अहवाल आला. फर्न्स या धर्मप्रांतातल्या पाद्रींनी मुलांवर केलेले अत्याचार आणि बिशप मंडळींनी वर्षानुवर्षं केलेली डोळेझाक त्यात मांडली होती. २००९ मध्ये रायन अहवाल आला, त्यात चर्चने चालवलेल्या बालसंस्थांमधली हकीकत होती. त्या मुलांच्या बाबतीतही लोक हेच म्हणत आले होते, ‘माणूस चांगला आहे हो, मनात काही वाईट नसणार.’ ‘गराज’मधल्या पोलिसांनी तक्रारीची दखल घेतली, हे त्या देशाने फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. त्याला गावाचा निष्ठुरपणा म्हणू नका.

गॉलवेकर
इथे आयर्लंडमध्ये राहतो म्हणून बोलतो. रानवारा, ती येता-जाता मारलेली हाक तुम्हाला पोकळ वाटली, मला नाही वाटत. आयर्लंडच्या खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलतो. ओळख असो-नसो. नवीन आलो होतो तेव्हा त्या एका बोटाने मला फार धीर दिला. ती माणसं खोटी नाहीत.

दोष द्यायचा तर काळाला द्या. २००७ म्हणजे इथल्या तेजीचा कळस. जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले. चित्रपटातला मालक पंप चालवतोय तो जागा विकायची वाट बघत. पुढच्याच वर्षी सगळं कोसळलं, सप्टेंबर २००८ मध्ये सरकारला बँकांची हमी घ्यावी लागली, आणि अर्धवट बांधलेल्या रिकाम्या वसाहती गावोगाव उरल्या. खेड्यात संध्याकाळी चार माणसं भेटायची जागा म्हणजे पब, आणि परत जायला बस नाही. २०१३ मध्ये केरी काउंटी कौन्सिलने तर ठरावच केला होता, की आडबाजूला राहणाऱ्यांना दोन-तीन पेग घेऊन घरी गाडी चालवत जायचा परवाना मिळावा. देशभर टीका झाली, आणि रास्तच झाली. पण ठराव मांडणाऱ्यांचा मुद्दा हाच होता, की म्हातारी एकटी माणसं घराबाहेर पडेनाशी झाली आहेत.

रानवारा
गॉलवेकर, बोट उचलणारा माणूस खोटा आहे असं मी म्हटलेलंच नाही. तो गाडी थांबवत नाही, एवढंच म्हणतोय. तेजी-मंदीने पंप बंद पडतो, मान्य. पबमध्ये टिंगल चालू असताना ‘पुरे आता’ म्हणायला कोणती अर्थव्यवस्था आड येते?

सायलीताई, डेव्हिडबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. तक्रार व्हायलाच हवी होती, चौकशीही. पण चौकशी झाल्यावर त्या रात्री जोसीजवळ कुणी बसायला हवं होतं की नाही?

मिताक्षरी
माझा आक्षेप दोन्ही बाजूंना आहे. सगळे जोसी खरा माणूस असल्यासारखे बोलताय. त्याला नदीत पाठवलं लेखक मार्क ओ’हॅलरनने. मंदबुद्धी, निष्पाप पात्र घ्यायचं, दीड तास त्याच्यावर जीव जडू द्यायचा आणि शेवटी मारायचं, ही कथाकारांची जुनी सवय आहे. मेल्यावर सगळ्यांना हळहळता येतं, जिवंत राहिला असता तर गावाला त्याच्याबरोबर राहावं लागलं असतं. तो चित्रपट लिहायला कितीतरी अवघड होता. आयर्लंडमध्ये आत्महत्या १९९३ पर्यंत कायद्याने गुन्हा होती. अशा समाजात उरलेल्या माणसांचं काय होतं हे दाखवायची संधी होती, ती सोडून दिली.

जोसीची भूमिका करणाऱ्या पॅट शॉर्टच्या कामाबद्दल मात्र दुमत नाही. ते दुखरं, फेंगडं चालणं, प्रत्येक वाक्याला ‘हो हो’ करत समोरच्याला खूश ठेवणं. हा नट तिकडे विनोदी म्हणून घराघरात माहीत होता. त्याला बघून आयरिश प्रेक्षक आधी हसणार, आणि मग आपण पबमधल्या त्या टोळक्याबरोबर हसतोय हे त्यांना कळणार. ही निवड शेवटापेक्षा शंभर पटीने धाडसी आहे.

गॉलवेकर
शॉर्टबद्दल अगदी बरोबर. शेवटाबद्दल नाही. इथल्या छोट्या गावांत अशा बातम्या खरोखर येतात, आणि अंत्यविधीला अख्खं गाव लोटतं. लेखकाने ती गर्दी दाखवली नाही, गावाला हळहळायची सोय करून दिली नाही. मिताक्षरी, तुमचा आक्षेप त्यामुळे मला लागू वाटत नाही.

सायली_क
रानवारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, कुणीतरी बसायला हवं होतं. पण ते काम शेजाऱ्यांच्या भल्या मनावर सोडून चालत नाही, कारण त्या रात्री शेजारी घाबरलेले असतात, त्यांचीही पोरं असतात. ज्याची चौकशी झाली त्याला रात्री एकटं सोडायचं नाही, कुणी जायचं ते आधी ठरलेलं हवं, आणि त्या माणसाला त्याचा पगार मिळायला हवा. डेव्हिडसाठीही असंच कुणीतरी हवं. गावाच्या चांगुलपणाच्या भरवशावर दोघांनाही ठेवायला माझा विरोध आहे, आणि चित्रपट त्या चांगुलपणापलीकडे काही मागतच नाही, हीच माझी मूळ तक्रार आहे.