श्रावणातली रोज एक रेकॉर्ड: कोणती बाजू लावायची?

प्रेषक: अभय (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,
श्रावणात आपल्या गटात रोज त्या दिवसाच्या विषयाची एक रेकॉर्ड लावून नोंद लिहायची, त्याचे तीस दिवसांचे तीस विषय मिळाले. ‘दिवेलागण’, ‘पाऊस’, ‘बडोद्याचे’ आणि ‘तीन मिनिटांत’ या चारांवर अडलोय. दिवेलागणीला गायक अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची मोठी रेकॉर्ड) चालेल का? पूर्ण लावली तर दरबारी भलत्याच वेळी येतो.
दुसरं म्हणजे, इथला टर्नटेबल आईकडे बडोद्याला अलकापुरीत आणून ठेवायचा विचार आहे. ११० व्होल्टचा आहे. ट्रान्सफॉर्मर लावला की भागेल ना?

प्रेषक: शैला (दांडिया बाजार)

अभय,
एलपी पूर्ण वाजवायचा हट्ट सोड. रोजची नोंद एका बाजूची ठेवू या. बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असते, तेवढं रोज कुणालाही जमतं. रोज पाऊण तास म्हटलं तर दुसऱ्या आठवड्यात निम्मी मंडळी गळतील.

शिवाय शास्त्रीय संगीताच्या बऱ्याच एलपींवर दोन बाजूंना दोन राग आहेत आणि त्यांचे प्रहर जुळतातच असं नाही. तू म्हणतोस ती १९६० ची एलपी घे. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी चांगली रात्र झाल्यावरचा. खाँसाहेबांचीच १९६८ ची मेघ-ललित त्याहून अवघड: ललित उजाडण्याआधीचा आणि मेघ पावसाचा. म्हणून बाजू निवडायची. मारवा ‘दिवेलागण’ला, दरबारी ‘निजानीज’ला, ललित ‘झुंजूमुंजू’ला आणि मेघ ‘पाऊस’ला. दोन रेकॉर्डींत चार दिवस निघाले. उलटली नाही म्हणून रेकॉर्डचा अपमान होत नाही!

याला अपवाद शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’चा. संतूर, गिटार आणि बासरीत मेंढपाळाचा एक अख्खा दिवस बांधलाय, अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत. ती अर्धी ऐकण्यात अर्थ नाही. यादीत ‘एक दिवस’ असा विषय आहे, तिथे ती दोन्ही बाजूंनी आणि क्रमानेच लावा.

‘बडोद्याचे’ म्हटल्यावर सगळे दरबारगायक फैयाज खाँसाहेबांकडेच धावणार. धावा, पण काय शोधताय ते माहीत असू द्या. खाँसाहेब १९५० मध्ये गेले. एलपी अमेरिकेत निघाली १९४८ मध्ये, आपल्याकडे त्याहून बरीच उशिरा. म्हणजे एलपीवर मिळतील ते खाँसाहेब जुन्या मुद्रणांवरून मागाहून उतरवलेले. त्यात खरखर आहे म्हणून सुई बदलू नका, खरखर मूळ मुद्रणातच आहे. ही एलपी ३३ वरच आणि एलपीच्याच सुईने वाजते, आतलं गाणं ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या) जमान्यातलं असलं तरी.

हिराबाई बडोदेकरांना विसरू नका, नावातच गाव आहे. आणि फारच हौस असेल तर बडोद्याच्या दरबारातले गायक मौलाबक्ष यांचे नातू, सूफी संगीतकार इनायत खाँ, १८८२ चा जन्म बडोद्याचाच. त्यांची १९०९ ची मुद्रणं शेलॅकच्या (लाखेच्या) तबकड्यांवर निघाली. मूळ तबकडी कुणाच्या घरात असलीच तर कृपया वाजवू नका, लेबलचा फोटो पाठवा. त्या दिवसाची नोंद तेवढ्यावर धरू.

‘तीन मिनिटांत’ला फक्त दहा इंची ७८ धरावी असं माझं मत. एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावतं आणि गायक तेवढ्यात रागाचं रूप, बंदिश आणि ताना कसं बसवतो, हेच त्या दिवशी ऐकायचं. ईपीवरचं (४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डवरचं) गाणंही तीन मिनिटांचंच असतं, पण तिथे ही तारांबळ नसते.

प्रेषक: मुकुंद (रावपुरा)

अभय, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) बदलत नाही. तिकडे वीज ६० हर्ट्झची, इथे ५०. जुन्या बेल्टवाल्या मशिनात मोटर थेट एसीवर चालत असेल तर तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ३३⅓ ऐवजी थाळी २७.८ फेऱ्यांनी फिरेल. नुसती लय पडत नाही, सूरही पेटीच्या तीन पट्ट्यांहून थोडा जास्त उतरतो. काळी चारची गायिका पांढरी चारच्याही जरा खाली गाऊ लागेल. त्यावर उपाय म्हणजे त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची बेल्ट फिरवणारी चाकी) मिळवणं. ती मिळत नसेल तर मशीन आणू नकोस.

प्लेअरला बाहेरून डीसी अडॅप्टर असेल तर काळजी नाही. अडॅप्टरवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ छापलंय का तेवढं बघ. क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हलाही (थाळी थेट मोटरवर, वेग क्वार्ट्झच्या स्फटिकावर ठरतो) हर्ट्झची अडचण नसते, तिथे मात्र ट्रान्सफॉर्मर लागतो.

वेग तपासायला स्ट्रोबची (रेघा आखलेली) चकती कागदावर छापता येते, वेग बरोबर असेल तर फिरताना रेघा थांबल्यासारख्या दिसतात. इथे ३३⅓ साठी १८० रेघांची हवी. तिकडची २१६ रेघांची ६० हर्ट्झसाठी असते, ती इथे बरोबर चालणारं मशीनही चुकीचं दाखवेल. चकती जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली धरा. बऱ्याच एलईडी दिव्यांना ती लुकलुक नसते, मग रेघा नुसत्या फिकट पट्ट्यासारख्या दिसतात.

आता सुई. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ चं ३ मिलचं. एलपीची सुई ७८ वर ठेवली की ती रुंद खाचेच्या तळाला जाऊन बसते आणि तिथला कचराच वाजवते. उलट केलंत तर एलपीची खाच कायमची जाते. जुन्या रेडिओग्रामला उलटायची सुई असते, एका अंगाला ७८ आणि दुसऱ्याला एलपी. रेकॉर्ड ठेवण्याआधी खूण बघा. त्यांच्या सुईच्या दांड्याचा भारही बराच असतो, तेव्हा शैलाताईंची मेघ-ललित तिथे नको. आजच्या साध्या कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) दोन ग्रॅमच्या आसपास भार चालतो. नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो, तोच धरा. भार फार कमी ठेवला तर सुई जोरकस तानेला उसळते आणि खाच उलट जास्त खराब होते.

नव्या प्लेअरला बहुधा ७८ चा वेग नसतो. अशा वेळी ३ मिलच्या सुईने ४५ वर वाजवून संगणकात उतरवा आणि वेग १.७३३ पट करा.

लेबलवरचा क्रमांकही वाचत जा. एचएमव्हीच्या एलपीवर ‘ईएएलपी’ असेल तर मोनो, ‘ईएएसडी’ असेल तर स्टिरिओ. ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर मोनो रेकॉर्डला ते दाबा, खरखर बरीच कमी होते.

प्रेषक: शैला

मुकुंदराव, श्रावण आहे, बुरशीचं सांगायचं राहिलं.

प्रेषक: मुकुंद

हो. बडोद्याच्या दमट हवेत आतला कागद रेकॉर्डला चिकटतो आणि राखाडी ठिपके येतात. एलपीसाठी तीन भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. मऊ कापड खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. लेबल भिजू देऊ नका. मग तीच क्रिया नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने, आणि पंख्याखाली उभी वाळवा, उन्हात नको. आतला कागद नवा घाला, जुना टाकून द्या, बुरशी त्यातच असते.

शेलॅकच्या ७८ ला अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते. तिथे ओलसर कापड, आणि लगेच कोरडं करायचं.

प्रेषक: अभय

समजलं. टर्नटेबलला आत थेट एसी मोटर आहे, म्हणजे ते इथेच राहील. एकच शंका: ‘दिवेलागण’ बडोद्याची की आमची? तिथे संध्याकाळचे सात म्हणजे इथे सकाळचे साडेनऊ.

प्रेषक: शैला

ज्याच्या खिडकीत सूर्य मावळतोय, त्याची. मारवा एडिसनलाही मावळतीलाच लागू दे, नोंद इथे दुसऱ्या दिवशी सकाळी वाचू. नोंदीत एवढं हवं: विषय, रेकॉर्डचा क्रमांक, बाजू, राग किंवा गाणं, मोनो की स्टिरिओ, आणि कुठे सुई अडकत असेल तर कितव्या मिनिटाला. ‘पाऊस’च्या दिवशी सगळ्यांनी मेघच लावू नये म्हणून आदल्या रात्री आपापली बाजू कळवा. मेघ मी घेतलाय.