प्रोव्हान्समधली डोंगरावरची जुनी गावं आणि द्राक्षमळे: पाच दिवसांत कसं बसवावं?

ओंजळ
सप्टेंबरच्या मध्यात आम्ही चौघं पॅरिसहून आव्हिन्योंला जातोय. हातात पाच दिवस. यादीत गोर्द, रुसियों, ओपेद-ल-व्ह्यू, सेगुरे, शातोनफ-द्यु-पाप आणि सेनांकचा मठ आहे. सोबत सासूबाई आहेत, त्यांना गुडघ्यांमुळे चढ झेपत नाही. गाडी घ्यावीच लागेल का? वाईनरीत आधी कळवावं लागतं का? आणि वाईन चाखल्यावर गाडी चालवायचं काय?

रानवाट
गाडी घ्याच. बस आहेत, पण कमी, आणि रविवारी तर अगदीच तुरळक. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून टीजीव्हीनं, म्हणजे वेगवान रेल्वेनं, सुमारे पावणेतीन तास लागतात. आव्हिन्यों टीजीव्ही स्टेशन शहराबाहेर आहे आणि भाड्याच्या गाड्या तिथेच मिळतात, त्यामुळे शहरात शिरूच नका. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, तिकडे गिअरच्या गाड्याच जास्त. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं, नाहीतर काउंटरवर अडकाल. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परमिट ठेवा. वस्तीबाहेर साधारण ८० आणि वस्तीत ५० ही वेगमर्यादा. चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गावातल्या बारीक गल्लीतून अचानक गाडी येते, तिलासुद्धा.

आता यादी. नकाशावर टाकून बघा, ते दोन वेगळे भाग आहेत. गोर्द, रुसियों, ओपेद, सेनांक ल्युबेरों डोंगररांगेच्या बाजूला. सेगुरे आणि तिथलंच वाईनचं गाव झिगोंदास उत्तरेला दांतेल द मोंमिरायच्या सुळक्यांखाली. एकाच मुक्कामावरून रोज ये-जा केलीत तर दिवस गाडीतच जाईल. दोन रात्री ल्युबेरों, उरलेल्या व्हेझों-ला-रोमेनजवळ, आणि दिवसाला दोन गावं व एक वाईनरी, बास. शातोनफ परतीच्या वाटेवर घ्या, आव्हिन्योंपासून १८ किलोमीटरच्या आसपास आहे.

सेनांकला जांभळ्या फुलांच्या आशेनं जाऊ नका. लॅव्हेंडर जून-जुलैत फुलतो, सप्टेंबरात कापलेली झुडपं दिसतील. ११४८ सालचा सिस्टर्शियन (साधेपणा पाळणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांचा) मठ मात्र फुलांशिवायही बघावा असाच आहे. बिननक्षीचा दगड आणि त्यावरचा उजेड, एवढ्यावर ती वास्तू उभी आहे.

पायवाट
सासूबाईंसाठी ओपेद गाळा. पार्किंग खाली आहे, तिथून चढ, आणि वरच्या अवशेषांतली वाट ओबडधोबड दगडांची. उलट गोर्दला किल्ल्यासमोरचा चौक गावाच्या माथ्यावरच आहे. त्यांना चौकातल्या कॅफेत बसवा, तुम्ही गल्ल्या उतरून या. फक्त मंगळवार टाळा. आठवडी बाजार असतो, पार्किंगला जागा मिळत नाही. सेगुरेची मुख्य गल्ली डोंगराच्या कडेकडेनं जाते, चढ बेताचा आहे. चर्च मात्र वर आहे, तिथे त्यांना नेऊ नका.

ही गावं मुळात चढायला अवघड जावीत म्हणूनच अशी वसवली. बाहेरच्या घरांच्या मागच्या भिंती हीच तटबंदी, म्हणून गल्ल्या एवढ्या अरुंद. जीपीएस बिनदिक्कत आत घालतो आणि मग दोन्ही आरसे भिंतीला घासतात. गावाबाहेरचं पहिलं पार्किंग दिसलं की गाडी लावून टाका. रुसियोंच्या गेरूच्या पायवाटेवर पांढरे कपडे, पांढरे बूट नकोत. ती लाल धूळ कापडात बसते.

द्राक्षवेल
वाईनबद्दल सांगते. तुमच्या तारखा ऐन द्राक्षतोडणीच्या आहेत. छोट्या घरच्या वाईनरीत सगळे मळ्यात किंवा टाक्यांपाशी असतात, न कळवता गेलात तर दाराला कुलूप. दोन-तीन दिवस आधी फोन किंवा ईमेल करा आणि वेळ सकाळी दहा ते साडेअकराची मागा. बारा ते दोन बहुतेक ठिकाणी बंद. फोनाफोनी नको असेल तर झिगोंदासच्या चौकात उत्पादकांचं सामाईक दालन आहे, एकाच जागी अनेकांच्या वाईन चाखता येतात. शातोनफला गावातच दुकानं ओळीनं आहेत, गाडी लावून पायी फिरा. मळ्यांतले ते मोठे गोल गोटे जरूर हातात घेऊन बघा. दिवसभर तापतात, रात्री ऊब सोडतात. ग्रेनाश द्राक्षाला ती मानवते. वेली बुटक्या झुडपासारख्या ठेवतात, कारण मिस्त्राल वारा उंच वेली मोडतो.

गाडीचं म्हणाल तर मर्यादा रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम. एका घोटाला ४० मिली धरा. पाच वाईन म्हणजे २०० मिली, आणि इथल्या वाईन १४-१५ टक्क्यांच्या. म्हणजे सुमारे २३ ग्रॅम अल्कोहोल, बारीक अंगकाठीच्या माणसाला तेवढंही मर्यादेपलीकडे नेऊ शकतं. चालकानं प्रत्येक घोट टेबलावरच्या भांड्यात थुंकायचा. तिथे ते अजिबात वाईट दिसत नाही, जाणकार हेच करतात. आधी पांढरी, मग लाल, बोम-द-व्हनीझ गावची गोड मस्का वाईन शेवटी; गोडानंतर कोरडी लाल आंबट-कडू लागते. काही ठिकाणी चाखणं फुकट असतं. तिथे आवडली तर एखादी बाटली घ्यावी, एवढी रीत पाळा.

ओंजळ
खूप आभार, ओपेद काढलं. त्या दिवसांत पाऊस असतो का?

रानवाट
बहुधा ऊनच, पण भूमध्य सागराकडून येणारा शरदातला पाऊस काही तासांत ओढे भरतो. २२ सप्टेंबर १९९२ ला व्हेझोंमध्ये उव्हेझ नदीला असाच भीषण पूर आला होता. रोमन पूल तेवढा टिकला. फ्रेंच हवामान खात्याच्या नकाशावर तुमचा जिल्हा, व्होक्ल्यूझ, नारिंगी किंवा लाल दिसला तर नदीकाठचे रस्ते टाळा. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, वळसा घ्या.