विमानांनी एकट्याने युद्ध जिंकता येतं का? (गाडीतला वाद इथे आणतोय)

ट्रान्सहार्बर (धागाकर्ता)

आमच्या सकाळच्या ठाणे-पनवेल गाडीत परवा जुंपली. दिघा गावापर्यंत क्रिकेट चाललं होतं. ऐरोलीला कुणीतरी मोबाइलवर ड्रोनचा व्हिडिओ फिरवला आणि एक मित्र म्हणाला, "आता पायदळ, रणगाडे काढा मोडीत. विमानं, क्षेपणास्त्रं, ड्रोन बास. पंधरा दिवसांत समोरचा गुडघ्यावर." मला तुर्भ्याला उतरायचं होतं, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिलं. ते इथे.

हे म्हणणं शंभर वर्षं जुनं आहे. १९२१ मध्ये इटलीचा जनरल जुलियो दुहे हेच सांगत होता: खंदकांत माणसं कुजवण्यापेक्षा खंदकांवरून उडून थेट शहरांवर बॉम्ब टाका, घाबरलेली जनताच सरकारला शरण जायला लावेल. १९३२ मध्ये ब्रिटनच्या स्टॅन्ली बाल्डविन यांनी पार्लमेंटात सांगून टाकलं की बॉम्बर काही झालं तरी पोचतोच.

पोचला का? दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४१ मध्ये, ब्रिटिशांनी जर्मनीवरच्या स्वतःच्याच बॉम्बफेकीचे फोटो तपासले. 'लक्ष्यावर बॉम्ब टाकले' असं सांगणाऱ्या विमानांपैकी तिनातलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत गेलं होतं. ऱ्हूरच्या कारखानदारी पट्ट्यात तर दहातलं एक. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. नेम ठाणे स्टेशनवर, बॉम्ब कांजूरमार्गला, तरी तो 'पोचला' याच रकान्यात. यावर उपाय काय काढला? फेब्रुवारी १९४२ मध्ये कारखान्याऐवजी अख्खं शहरच लक्ष्य ठरवलं. नेम सुधारेना म्हणून लक्ष्य मोठं केलं. या सगळ्यात बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश बॉम्बर दलाच्या, सव्वा लाख वैमानिक आणि कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले.

माझं म्हणणं असं, की हवाई युद्धाचे आधी लिहिलेले सिद्धान्त बहुतेक फसले. जे काही कामाचं ठरलं ते युद्ध चालू असताना, माणसं गमावून शिकलेलं आहे. आणि एकट्या विमानांनी युद्ध संपत नाही.

(गेल्या काही वर्षांतल्या आपल्या कारवायांवर इथे नको. धागा बंद पडतो, अनुभव आहे.)

रबाळे_रिटर्न

तो मित्र मीच. माझ्या पाठीमागे धागा काढलास, वा!

अरे, तू १९४१ चा दाखला देतोयस. पोरगा सायकलवरून पहिल्या दिवशी पडला म्हणून सायकल वाईट? १९९१ बघ. इराकवर ३८ दिवस विमानं, मग जमिनीवरची लढाई फक्त १०० तास. १९९९ मध्ये सर्बियावर ७८ दिवस बॉम्बफेक, एकही सैनिक जमिनीवर न उतरवता कोसोव्होतून सैन्य मागे घ्यायला लावलं. दुहेचं गणित बरोबरच होतं, अवजारं उशिरा आली.

आणि तुझ्या त्या फसलेल्या बॉम्बफेकीचा एक फायदा तू लपवलास. जर्मनीच्या हजारो ८८ मिलिमीटर तोफा शहरांभोवती आकाशाकडे तोंड करून अडकल्या. त्याच तोफा रणगाडाही फोडायच्या. त्या रशियाच्या आघाडीवर असत्या तर?

खारीगाव_टोलनाका

आठ किलोमीटरच्या आत म्हणजे 'पोचला'? आमच्याकडचा कुरिअरवाला याच पद्धतीने 'डिलिव्हर्ड' टाकतो.

वागळेचा लेथ

युद्धातलं मला फार कळत नाही. अडतीस वर्षं वागळे इस्टेटीत मशिन शॉप सांभाळलं, त्यामुळे जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट या बेअरिंगच्या गावाबद्दल बोलायचा हक्क आहे असं समजतो.

अमेरिकनांचा विचार ऑफिसात बसून केलेला, पण सुंदर होता. विमान असो, रणगाडा असो, ट्रक असो, बॉल बेअरिंगशिवाय काही फिरत नाही. जर्मनीची निम्म्याच्या आसपास बेअरिंगं एका गावात बनतात. ते गाव उडवलं की सगळं जाम. १७ ऑगस्ट १९४३ ला श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर गेले, ६० बी-१७ बॉम्बर परत आली नाहीत. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्ट, पुन्हा ६०. एका विमानात दहा माणसं, धरा हिशेब.

आणि मिळवलं काय? छपरं पडली. लेथ आणि ग्राइंडरचा बेड ओतीव लोखंडाचा असतो हो. डोक्यावर छप्पर पडून तो मरत नाही. एका पावसाळ्यात आमच्या जुन्या शेडचे पत्रे आणि कैच्या मशिनवर आल्या होत्या. पत्रे उचलले, पुसलं, तेल मारलं, आठवड्यात जॉब चालू. जर्मनांनी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. स्टोअरमध्ये माल पडलेला होता, स्वीडनकडून येत होता, जिथे चालेल तिथे बेअरिंग काढून साधे बुश घातले, मशिनं गावोगाव पांगवली. शिवाय एवढी विमानं गेल्यावर अमेरिकनांना लगेच परत जायची हिंमत झाली नाही, तेवढा वेळ दुरुस्तीला मिळाला. युद्धानंतर अमेरिकेच्याच पाहणीत निघालं, की बेअरिंगच्या मारामुळे युद्धसामग्रीच्या उत्पादनावर मोजता येईल असा परिणाम दिसत नाही.

कोंडी सुटली ती पेट्रोलच्या टाकीने. बॉम्बरांबरोबर लांब जाणारं लढाऊ विमान होऊच शकत नाही आणि त्याची गरजही नाही, असं युद्धाआधी शहाण्यांनी ठरवून टाकलं होतं. मग मस्टँग या लढाऊ विमानाच्या पंखांखाली टाक्या टांगल्या आणि ते बर्लिनपर्यंत जाऊ लागलं. इंग्लंडने तर या टाक्या दाबलेल्या कागदाच्या बनवल्या! १९४४ च्या सुरुवातीला अमेरिकन जनरल डूलिटलने लढाऊ वैमानिकांना मोकळं सोडलं, की बॉम्बरला चिकटून राहू नका, जर्मन विमान दिसेल तिथे गाठा. म्हणजे खरं तर बॉम्बर झाला गळाला लावलेलं गांडूळ. हे कुठल्या सिद्धान्तात लिहिलं होतं?

धागाकर्त्याला माझं +१.

मीठबंदरची

काका, बेअरिंगचं सगळं मान्य. पण त्यावरून 'कारखान्यांवर मारा फुकट' असा निष्कर्ष काढू नका. कारखाना कोणता, ते बघा.

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल प्लँटमध्ये झाली. तिथे एक कॉम्प्रेसर बसला की पुढचं सगळं थंड. जर्मनीकडे खनिज तेल जेमतेम, त्यामुळे कोळशावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडून पेट्रोल करायचे. लॉयनासारखे प्लँट म्हणजे मैलोगणती पाइप, व्हॉल्व्ह, फ्लँज (पाइपांचे जोड). इथे दहा बॉम्ब चुकून दोन लागले तरी प्लँट बंद. मे १९४४ पासून त्यांच्यावर पद्धतशीर मारा सुरू झाला. एप्रिलमध्ये या प्लँटांतून विमानाचं पेट्रोल निघत होतं १ लाख ७५ हजार टन, सप्टेंबरमध्ये ५ हजार टन.

गंमत बघा, १९४४ मध्ये जर्मनीने सगळ्यात जास्त विमानं बनवली, ४० हजारांच्या घरात. पण उडवणार कशावर? नव्या पोरांना शिकवायलाही पेट्रोल नाही.

एकदा बॉम्ब टाकून मात्र भागलं नाही. दुरुस्ती होत आली की परत जावं लागायचं. शटडाउननंतर प्लँट कधी उभा राहतो हे ज्याला कळतं, त्यालाच परत कधी जायचं ते कळतं. म्हणून माझं मत दोघांच्याही विरुद्ध: विमानं पुरेशी होती की नव्हती हा वाद दुय्यम. कुठे मारायचं हे ठरवणाऱ्याला समोरचा कारखाना कसा चालतो ते माहीत होतं का?

वागळेचा लेथ

ताई, पटलं. मशिन शॉप ढिगाऱ्यातही उभं राहतं, प्लँट एका फ्लँजवर बसतो. माझं +१ अर्धं परत घेतो.

निळी टोपी

हवाई दलात होतो, विमानात नव्हे, रडारसमोर. त्यामुळे तुमची सगळी चर्चा बॉम्बरांभोवती फिरते याचा थोडा रागच आला.

धागाकर्ते म्हणतात, आधी ठरवलेलं सगळं फसलं. चूक. 'बॉम्बर पोचतोच' या म्हणण्याला ब्रिटनमध्येच उत्तर तयार होत होतं. ब्रिटनच्या लढाऊ विमानांचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी युद्ध सुरू होण्याआधी किनाऱ्यावरची रडार, दुर्बिणी घेतलेले निरीक्षक, जमिनीखालच्या टेलिफोनच्या तारा, बेंटली प्रायरी या त्यांच्या मुख्यालयातली माहिती गाळून घेणारी खोली आणि तिथून विमानतळांपर्यंत जाणारा हुकूम, ही अख्खी साखळी उभी केली होती. १९४० मध्ये स्पिटफायर-हरिकेन बघून लोक टाळ्या वाजवतात, पण ती विमानं सतत हवेत गस्त घालत बसली असती तर आठवड्यात संपली असती. योग्य वेळी, योग्य ठिकाणी, मोजकी विमानं वर पाठवता आली ती या साखळीमुळे. शिकण्यात कमी पडले ते जर्मन. विमानतळांवरचा मारा सोडून ७ सप्टेंबरला लंडनकडे वळले आणि डाउडिंगच्या दमलेल्या स्क्वाड्रनना श्वास मिळाला.

आपल्याकडचं बघा. १९६५ मध्ये जम्मूतल्या छांबला १ सप्टेंबरच्या संध्याकाळी घाईघाईने व्हँपायर विमानं पाठवली, चार गमावली. सैन्य आणि हवाई दल यांचं एकमेकांशी नीट बोलणंच नव्हतं. एअर चीफ मार्शल प्रताप लाल यांनी तो धडा घेऊन १९७१ च्या आधीच सैन्याच्या कमांडांबरोबर हवाई दलाची केंद्रं बसवली. युद्ध सुरू होताच पूर्वेत ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीला खड्डे पाडले, वरचं आकाश मोकळं झालं. म्हणून मेघना नदी हेलिकॉप्टरने ओलांडता आली, म्हणून ११ डिसेंबरला टांगाइलला छत्रीधारी उतरवता आले. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ नी रॉकेट्स टाकली, त्याच दिवशी गव्हर्नरने राजीनामा दिला. हे युद्धात सुचलेलं नव्हतं, शांततेत बसून केलेलं होतं.

रबाळे_रिटर्न

सर, गव्हर्नर हाउस! एक इमारत, काही रॉकेट्स, राजीनामा. माझंच म्हणणं झालं की.

निळी टोपी

नाही झालं. त्या दिवशी सैन्य ढाक्याच्या वेशीवर होतं. ते शंभर मैल लांब असतं तर गव्हर्नरने धूळ झटकून पुन्हा बैठक लावली असती.

नौपाडेकर

एक खटकतंय. 'लक्ष्य मोठं केलं' एवढ्या तीन शब्दांत हॅम्बुर्ग आणि टोकियो बसवून पुढे गेलात. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोत एक लाखाच्या आसपास माणसं जळाली. त्यामागेही तांत्रिक कारणच होतं: फार उंचीवर वारा इतका जोराचा, की अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बरांचे बॉम्ब भरकटायचे. मग त्यांचे जनरल लमे यांनी विमानं रात्री पाच ते नऊ हजार फुटांवर आणली आणि लाकडी घरांवर आग लावणारे बॉम्ब टाकले. 'युद्धात शिकणं' म्हणतात ते हेसुद्धा.

आमची आजी १९७१ च्या ब्लॅकआउटचं सांगायची. खिडक्यांना काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, भोंगा झाला की जिन्याखाली. घाबरायचे सगळे, पण सरकारला शरण जायला सांगावं असं कुणाच्या मनात आलं नाही, उलट जास्त चिडायचे. लंडन आणि हॅम्बुर्गच्या लोकांनीही बंड केलं नाही. दुहेचा पायाच तिथे कच्चा होता.

रबाळे_रिटर्न

पण जपान शेवटी जमिनीवरच्या स्वारीशिवायच शरण आला ना?

नौपाडेकर

आला. पण तोवर अमेरिकन पाणबुड्यांनी त्याची जहाजं बुडवून तेल आणि धान्य तोडलं होतं, आणि ९ ऑगस्टला रशिया मांचुरियात घुसला होता. श्रेय वाटायचं तर सगळ्यांना वाटा.

ट्रान्सहार्बर

निळी टोपी सर, डाउडिंगचं उदाहरण मला अडचणीत टाकतंय. 'बहुतेक फसले' याच्यावर ठाम आहे, 'सगळे' असं म्हणालो नव्हतो एवढीच पळवाट.

पण कारगिल घ्या. २६ मे १९९९ ला हवाई मोहीम सुरू झाली आणि २८ पर्यंत एक मिग-२१, एक मिग-२७ आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गेलं. खांद्यावरून सोडायची क्षेपणास्त्रं वाट बघत होती, आणि नियंत्रण रेषा ओलांडायची नाही ही अट. मग हेलिकॉप्टरं त्या कामातून काढली, विमानं क्षेपणास्त्राच्या टप्प्यापेक्षा उंचावरून नेली, मिराज विमानं आणली. जूनमध्ये मुंथो ढालोचा रसदीचा तळ उडवला, टायगर हिलवर लेझरने नेम धरून बॉम्ब टाकला. चार आठवड्यांत केलेला बदल आहे हा. आणि टायगर हिलवर ४ जुलैला चढले ते पायांनी चालणारे जवान.

रबाळ्या, तुझ्या इराकबद्दल: टीव्हीवर खिडकीतून आत जाणारे जे बॉम्ब आपण बघितले, ते एकूण बॉम्बच्या दहा टक्केही नव्हते. बाकी जुनेच, साधे.

रबाळे_रिटर्न

दहा टक्क्यांनी हे केलं, तर शंभर टक्के झाल्यावर काय होईल याचा विचार कर. माझं मत कायम. उद्या गाडीत बोलू, तुर्भ्याच्या आधी.

खारीगाव_टोलनाका

सगळं ठीक, पण कागदाच्या टाकीत पेट्रोल राहायचं कसं हे कुणीच विचारलं नाही?

वागळेचा लेथ

चांगला प्रश्न. जाड कागदाचे थर गोंदाने चिकटवून दाबायचे, वरून लॅकर मारायचं. तरी फार वेळ टिकायची नाहीच. म्हणून उड्डाणाच्या अगदी आधी भरायचे. काही तासांचंच काम होतं, रिकामी झाली की हवेतच सोडून द्यायची. आणि खाली शत्रूला भंगारात ॲल्युमिनियमही मिळत नाही.