उसाच्या दोन ट्रॉल्यांना ब्रेक बसवायचाय, भरवशाचा कोणता?

सीनाकाठ:
नमस्कार मंडळी. माढा तालुक्यातला आहे. ५० एचपीचा ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या, ऊस वाहतुकीला. दोन्हींत मिळून १८-२० टन भरतो. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. ट्रॉल्यांना ब्रेक नाही, आपल्या भागात बहुतेकांच्या नसतोच.

गेल्या हंगामात पहाटे कालव्याच्या पुलावरून उतरताना एक मोटारसायकलवाला अचानक पुढं आला. धाकटा भाऊ चालवत होता. त्यानं ब्रेक दाबला, ट्रॅक्टर धरला, पण ट्रॉल्यांनी रेटलं. ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूला सरकला आणि पुढच्या ट्रॉलीचा दांडा मागच्या टायरला जाऊन भिडला. टायरवर बोटभर खोल चर पडलाय, अजून तसाच आहे. माणूस वाचला. पण भावानं आठ दिवस ट्रॅक्टरला हात लावला नाही.

यंदा कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत ब्रेक बसवायचाच. दांड्यावरचा धक्क्यानं लागणारा, पेडलवरचा ऑइलचा, की हवेचा? ज्यांनी एक हंगाम तरी वापरलाय त्यांनी सांगा.

कुर्डुवाडी फिटर:
भाऊ, आधी फुकटातलं काम सांगतो. ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडलं रानात वेगळी ठेवतो, ती रस्त्यावर पट्टीनं एकत्र जोडलेली होती का? एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढणारच, मग ट्रॉली आणखी रेटते. आणि उताराच्या अलीकडंच खालचा गिअर टाकायचा. मध्येच क्लच दाबला की इंजिनाची रोखून धरणारी ओढ सुटते.

आता ब्रेकचं. धक्क्याच्या ब्रेकमध्ये ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढं सरकते, दांडा आत दबतो आणि त्यावरचा मास्टर सिलिंडर ट्रॉलीची चाकं धरतो. ट्रॅक्टरला काही जोडावं लागत नाही, स्वस्त पडतं. पण दांड्याच्या सरकत्या भागात पाचट, चिखल आणि गंज बसला की तो अडकतो. एक तर लागत नाही, नाहीतर लागलेला सुटत नाही. शिवाय मागं घेताना दांडा दबतो आणि ब्रेक लागून बसतो, त्याला रिव्हर्सची पिन घालावी लागते. कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर नंबर लागलेला असताना खाली उतरून पिन कोण घालतंय? घातली तर परत काढायचं विसरतात, मग रस्त्यावर ब्रेकच नाही. माझ्याकडं अशा ट्रॉल्या येतात.

भीमाबागायत:
माझा ऑइलचा आहे, दोन हंगाम झाले. पेडल दाबलं की दोन्ही ट्रॉल्या धरतात, पकड चांगली. पण एकदा जोडणीजवळ पाइप घासून फुटला आणि ब्रेक एकदम गेला. चालवणाऱ्याला कळलं पुढच्या चौकात. पाइप वळणावर कुठंही टेकणार नाही असा आधी बघून घ्या.

कुर्डुवाडी फिटर:
तेच म्हणतो. एका पाइपच्या ऑइलमध्ये पाइप तुटला की ब्रेक गेला. हवेच्या दोन पाइपच्या ब्रेकमध्ये उलटं होतं. ट्रॉली सुटली, पुरवठ्याचा पाइप तुटला, की ट्रॉलीवरच्या टाकीतली हवा आपोआप चाकं धरते. खर्च जास्त आणि ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसवावा लागतो. टाकीतलं पाणी रोज सोडायचं.

ऑइलचाच बसवणार असाल तर मागच्या ट्रॉलीचा ब्रेक कधीही सोडू नका. पुढचीला एकटीला ब्रेक दिला तर मागची तिला रेटते आणि मधला हुक कात्रीसारखा मिटतो. मागची किंचित आधी धरली पाहिजे, म्हणजे सगळी गाडी ताणलेली राहते.

मोहोळहून परदेशी:
मी अमेरिकेत असतो. इथं लोक बसएवढी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरतात आणि मागं आपली कार चारही चाकांवर ओढत नेतात. त्या कारचं इंजिन बंद, ब्रेक दाबायला आत कुणी नाही. म्हणून सीटपुढं एक पेटी ठेवतात, तिचा दांडा कारचं ब्रेक पेडल दाबतो.

तिथंही प्रश्न तुमचाच आहे. इंजिन बंद असल्यानं ब्रेकला जोर देणारं व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतं आणि पेडल कडक होतं. म्हणून आधी पेडल दाबून व्हॅक्यूम संपवायचं, मगच पेटी बसवायची. दुसरं, पेटी जरा जास्त घट्ट बसली तर ब्रेक अर्धवट लागून राहतो. ओढणाऱ्याला कळत नाही, कारण मोटारहोम इतकी जड की मागचा ताण जाणवतच नाही. उतरून बघेपर्यंत पॅड जळालेले. म्हणून दोन गोष्टींशिवाय निघत नाहीत: कार सुटली तर तारेनं ओढला जाऊन ब्रेक लावणारा स्विच, आणि मागचा ब्रेक लागलाय की नाही हे पुढं दाखवणारा दिवा. तुमच्या ट्रॅक्टरवर दिवा बसवता येईल का बघा.

कुर्डुवाडी फिटर:
येईल की! ऑइलच्या लाइनवर बसणारा स्टॉप लाइटचा स्विच साधा मिळतो. तो मागच्या ट्रॉलीच्या शेवटच्या सिलिंडरजवळ लावायचा. तिथपर्यंत दाब पोचला तरच स्टिअरिंगपुढचा दिवा लागेल. पाइप फुटला, नाहीतर वायर तुटली, तरी दिवा लागणार नाही, म्हणजे लगेच कळलं. पेडल सोडूनही लागलेला राहिला तर लाइनमध्ये दाब अडकलाय. मात्र शू, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून धरणारी पट्टी, नुसती चिकटून राहिली तर दिवा सांगणार नाही, त्याला ड्रम गरम आहे का हे हात लावूनच बघावं लागतं.

सीनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. हवेचं बजेट यंदा जमलं नाही, ऑइलचा बसवला. दोन्ही ट्रॉल्यांना, मागची किंचित आधी धरेल असा. दोन्ही हुकांना पिनेबरोबर साखळीही घातली. दिवा फिटरमामांनी सांगितला तसाच, भावाच्या नजरेसमोर.

काल पहिली भरलेली खेप. पाच किलोमीटरवर थांबून आठही ड्रमना हाताची मागची बाजू लावून बघितली. सात कोमट, मागच्या ट्रॉलीचा डावा एक इतका गरम की हात टेकेना. शूची स्प्रिंग उलटी बसली होती. मेकॅनिकनं रात्रीच सुधारून दिली. आज त्याच कालव्याच्या पुलावरून भाऊ स्वतः उतरला, मी मागं मोटारसायकलवर होतो. दिवा लागला, विझला, दांडा सरळ.

मामा, तो टायर बदलू की चालेल? फोटो टाकतो.

कुर्डुवाडी फिटर:
आतली दोरी दिसत असेल तर आजच बदला. भरून अजिबात नेऊ नका.