मॉरिशसचा शेवटचा निकाल अजून लंडनला का लागतो?

किनारा
२५ फेब्रुवारी २०१९ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की, मॉरिशस आपली मानतो त्या चागोस बेटांवरचा कारभार ब्रिटनने शक्य तितक्या लवकर सोडावा. आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे मॉरिशससारख्या जुन्या वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाने, मॉरिशसचे तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांची मेडपॉइंट खटल्यातली (मेडपॉइंट दवाखान्याच्या खरेदीत हितसंबंध गुंतल्याचा आरोप होता) सुटका कायम केली. ज्या देशाशी जमिनीसाठी भांडायचं, त्याच्याच राजधानीत आपल्या पंतप्रधानाचा फैसला व्हायचा! १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, १९९२ मध्ये प्रजासत्ताक झालं, राणी गेली. अपील मात्र तिथेच राहिलं. मला हे मनापासून खटकतं.

मधुरा_ठाणे
मी चार वर्षं मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत होते, म्हणून ठामपणे विरोध करते. जेमतेम साडेबारा लाखांचं बेट. लग्नात, तेराव्याला, बाजारात तीच माणसं भेटतात. आणि तिथलं अपील कोण ऐकतं? सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायाधीशाने दिलेल्या निकालावरचं अपील त्याच कोर्टातले त्याचे सहकारी ऐकतात. रोज शेजारच्या दालनात बसणाऱ्याचा निकाल फिरवायला किती बळ लागत असेल! मेडपॉइंटचंच बघा. पदावर असलेल्या पंतप्रधानाविरुद्धचं ते अपील देशाच्याच सरकारी अभियोग संचालकांनी लंडनला लढवलं. ते हरले, पण लढवू शकले. ही वाट असू दे.

किनारा
सहकाऱ्यांचा मुद्दा मान्य. पण लंडनला कायदा तरी पूर्ण ओळखीचा आहे का? १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं तेव्हा फ्रेंच कायदे तसेच ठेवले. आजही वारसा, करार, मालमत्ता नेपोलियनच्या संहितेतून आलेल्या फ्रेंच कलमांवर चालतं. कोर्टाची पद्धत आणि पुराव्याचे नियम इंग्रजी वळणाचे. म्हणजे भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यात इंग्रजी कायद्यात वाढलेल्या न्यायाधीशांनी फ्रेंच कोर्टांचे निकाल चाळायचे. प्रिव्ही कौन्सिल २००८ मध्ये पोर्ट लुईला येऊन बसलं होतं, पण अशा भेटींनी लंडनला वकील उभा करण्याचा खर्च काही सुटत नाही. शिवाय तिथल्या न्यायाधीशांना कमी लेखू नका. १८३८ पासूनच्या फौजदारी संहितेतलं समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवणारं कलम ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनीच घटनाबाह्य ठरवलं.

गिरगावकर
एक जुनी आठवण. पुण्यातल्या दत्तकाच्या वादात, म्हणजे ताईमहाराज प्रकरणात, मुंबई हायकोर्टाने टिळकांच्या विरोधात निकाल दिला होता. १९१५ मध्ये तो फिरवला आणि दत्तकविधान वैध ठरवलं ते प्रिव्ही कौन्सिलनेच. लांबच्या कोर्टाला पुण्यातल्या गटातटांचं देणंघेणं नव्हतं. मधुराताई म्हणतात ते यासाठीच मला पटतं.

किनारा
आणि तरीही १९४९ मध्ये आपण ती वाट बंद केलीच ना! टिळकांना तिथे न्याय मिळाला म्हणून कुणी ती उघडी ठेवली नाही. सिंगापूरने १९९४ मध्ये लंडनची अपिलं थांबवली, तेही बेटच आहे.

मधुरा_ठाणे
आपण बंद केली तेव्हा इथे फेडरल कोर्ट उभं होतं, आणि लगोलग सुप्रीम कोर्ट आलं. मॉरिशसमध्ये आधी वेगळं अपील न्यायालय बांधा, त्यात फक्त अपिलं ऐकणारे न्यायाधीश नेमा, हवे तर बाहेरचेही बोलवा. मग लंडनचं दार लावा. उलटं करू नका. तिथे सरन्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती पंतप्रधानांशी सल्लामसलत करून करतात. आणि त्या पंतप्रधानांना रोखणारं संसदेत कुणी असेलच असं नाही: १९८२, १९९५ आणि २०२४ मध्ये मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीने जिंकल्या. अशा संसदेत विरोधकांच्या बाकांवर कितीजण उरतात, ते मोजा.