‘हंटिंग गिअर’ला मराठीत काय म्हणावं?

बेतीकाठ: वास्कोत बार्ज दुरुस्त करणाऱ्या कामगारांसाठी स्टिअरिंग गिअरची (जहाज वळवणाऱ्या यंत्रणेची) मराठी पुस्तिका तयार होतेय. मसुद्यात ‘हंटिंग गिअर’चं ‘शिकारी दंतचक्र’ झालंय. तिथे शिकार नाही आणि दातही नाहीत, पिनांवर झुलणारी एक लांब तरफ आहे. पुढच्या प्रकरणात जनरेटरच्या गव्हर्नरचं (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचं) ‘हंटिंग’ येतं, तिथेही ‘शिकार’च. दोन्हीकडे चालेल असा एक शब्द सुचवा.

तारवटी: एकच शब्द घातलात तर घोटाळा होईल. आधी तरफेचं काम बघा. तेलाचा पंप सतत एकाच दिशेने फिरतो. स्ट्रोक, म्हणजे पंपाच्या दट्ट्याची चाल, शून्यावर असेल तर तेल कुठेच जात नाही. ब्रिजवर चाक फिरवलं की टेलिमोटर (चाकाची हालचाल इथवर पोचवणारं साधन) तरफेचं एक टोक सरकवतो, मधल्या पिनेला जोडलेला पंपाचा दांडा हलतो, तेल रॅमकडे, म्हणजे सुकाणू ढकलणाऱ्या दट्ट्याकडे, जातं आणि सुकाणू वळू लागतं. तरफेचं दुसरं टोक टिलरला, म्हणजे सुकाणूचं पातं फिरवणाऱ्या दांड्याला, जोडलेलं. सुकाणू वळेल तसं ते मधली पीन परत शून्यावर आणतं, आणि मागितलेल्या कोनावर सुकाणू थांबतं. पिनांचे बुश (पीन बसते त्या नळ्या) झिजले की हा हिशेब बिघडतो: १० अंश मागितले तर सुकाणू ११ वर जातं, नाहीतर ९ वरच अडतं. सुकाणू चाकाच्या मागावर असतं, म्हणून ‘मागोवा तरफ’ म्हणा. गव्हर्नरचं हंटिंग हा मात्र दोष आहे.

शब्दवेल्हाळ: ‘मागोवा’ छान, कारण तो पाऊलखुणा काढण्यातला, म्हणजे शिकारीतलाच शब्द. पण मागोवा माणूस घेतो, यंत्र नाही. ‘अनुगामी तरफ’ जास्त नेमकं.

झुआरीपार: अनुगामी म्हटलं तर इंजिनरूममध्ये कोण वळून बघेल? कामगार ‘हंटिंग’च म्हणतात, तेच ठेवा. गव्हर्नरच्या बाबतीत अर्थ मात्र नीट समजावा: लोड तेवढाच असताना इंजिनाचा वेग वरखाली होत राहतो. हायड्रॉलिक गव्हर्नर असेल तर इंजिन गरम झाल्यावर कॉम्पेन्सेशनचा (गव्हर्नरची घाई आवरणारा) नीडल व्हॉल्व्ह दोनतीन आटे उघडायचा, अर्धा मिनिट हंटिंग होऊ द्यायचं म्हणजे तेलातली हवा निघते, मग हंटिंग थांबेपर्यंत हळूहळू बंद करायचा. गरजेपेक्षा जास्त बंद केला तर लोड बदलल्यावर वेग जागेवर यायला उशीर लागतो. फ्युएल रॅक (इंधन किती जायचं ते ठरवणारी पट्टी) अडकत असेल तर मात्र नीडल कितीही फिरवा, उपयोग नाही.

तारवटी: मग त्याला ‘हेलकावे’ म्हणा. चार टक्के ड्रूपचा (लोड वाढला की वेग तेवढा उतरू देणारा), पूर्ण लोडवर ५० हर्ट्झ देणारा जनरेटर रिकामा झाल्यावर ५२ वर जातो, ते हेलकावे नव्हेत. तो फरक पुस्तिकेत हवाच.

शब्दवेल्हाळ: गंमत अशी की गव्हर्नर हा शब्दच सुकाणूचा. ग्रीक ‘किबरनेतिस’ म्हणजे सुकाणू धरणारा, त्यावरून लॅटिन ‘गुबर्नातोर’, त्यावरून गव्हर्नर. ‘सर्वोमोटर’ (हुकमाप्रमाणे जागा घेणारं यंत्र) हा शब्दही तिथलाच: १८७३ मध्ये फार्को या फ्रेंच अभियंत्याने जहाजाच्या सुकाणूवर लिहिताना तो वापरला. जलविद्युत टर्बाईनची झडपं हलवणारा सर्वो म्हणजे सुकाणूचाच भाऊ. तेव्हा गव्हर्नरला ‘गतिसुकाणी’ म्हणू या.

झुआरीपार: आणि ‘सुकाणू’ तरी आपलं कुठलं? अरबी ‘सुक्कान’. तो चालतो तर हंटिंग का नको?

शब्दवेल्हाळ: सुकाणू मराठीत मुरलंय, त्याला सुकाणूला, सुकाणूवर अशी रूपं आहेत. ‘सुकाणू हाती घेणे’ हा वाक्प्रचारही आहे.

तारवटी: शब्दवेल्हाळबाब, घोळ त्या वाक्प्रचारातच आहे. होडीत टिलर आणि पातं एकाच लाकडाला जोडलेले, म्हणून सुकाणू हातात येतं. जहाजात पातं पाण्याखाली असतं, हातात चाक. जुन्या इंग्रजी आज्ञेत ‘स्टारबोर्ड’ म्हणजे टिलर उजवीकडे, म्हणून जहाज डावीकडे वळायचं. १९१२ मध्ये टायटॅनिकवर ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ म्हटलं आणि नाळ (जहाजाचं पुढचं टोक) डावीकडे गेली, ती याच पद्धतीने. १९२९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर जहाज ज्या बाजूला वळवायचं तीच बाजू सांगायची असं ठरलं. मसुद्यात ‘हेल्म’, ‘टिलर’ आणि ‘रडर’ तिन्हींना सुकाणूच लिहिलंय का, बेतीकाठ?

बेतीकाठ: हो, तिन्हींना. पण तरफेचं काय?

झुआरीपार: आधी चाक, टिलर आणि पातं वेगळं करा. ते झाल्याशिवाय तरफेचं कुठलं टोक कशाला जोडलंय तेच वाचणाऱ्याला कळणार नाही.